मदत हवी आहे: ग्रीकमधल्या 'देइनोस'ला मराठीत काय म्हणू?

जाणकारांनो, जरा मदत करा. सॉफोक्लीसच्या 'अँटिगनी' या प्राचीन ग्रीक शोकांतिकेचा थोडाथोडा अनुवाद करतेय आणि ओळ 332 वर गाडी अडलीये. कोरस (नाटकातला गाणारा समूह) म्हणतो, 'पोल्ला ता देइना, कूदेन आन्थ्रोपू देइनोतेरोन पेलेइ', म्हणजे देइनोस गोष्टी पुष्कळ आहेत पण माणसाहून देइनोस काहीच नाही.

रूपं कळलीत. देइनोस-देइने-देइनोन, आपल्या चांगला-चांगली-चांगलं सारखंच, 'देइना' नपुंसकलिंगी अनेकवचन, आणि 'देइनोतेरोन' नपुंसकलिंगी एकवचन कारण ते 'काहीच नाही' वाल्या 'ऊदेन'शी जुळतं, माणसाशी नाही. -तेरोस प्रत्यय तर संस्कृतच्या -तर चा सख्खा भाऊच.

घोडं अडलंय अर्थावर. शब्द मूळचा भीतीचा ('देओस' म्हणजे भीती), पण प्रचंड, अचंबा वाटावा असा, पटाईत, हे सगळं त्यातच येतं. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त, म्हणजे सॉक्रेटीसच्या कोर्टातल्या बचावाच्या भाषणात, सॉक्रेटीस म्हणतो ना, की फिर्यादींनी तुम्हाला सावध केलंय, हा बोलण्यात 'देइनोस' आहे, फसाल. आता 'भयंकर' लिहिलं तर माणूस नुसता राक्षस वाटतो, आणि कोरस तर पुढे तो वादळात समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पाखरं-मासे जाळ्यात धरतो, भाषा स्वतःच शिकला असं एकेक कौतुकानं सांगतोय. 'अद्भुत' घेतलं तर भीती पार उडते, आणि हे गाणं सुरू होतं ते राजानं पुरायला बंदी घातलेल्या पॉलिनायसिसच्या (अँटिगनीच्या भावाच्या) प्रेतावर कुणीतरी माती टाकल्याची खबर देऊन पहारेकरी गेल्या गेल्या, त्यामुळे भीती हवीच. दोन्ही धरणारा शब्द आहे का?

आणि 'आन्थ्रोपू' ('माणसाहून') षष्ठीत का? संस्कृतात इथे पंचमी येते.

प्रतिसाद:

षष्ठीचं आधी सांगतो, ग्रीकमध्ये पंचमी वेगळी उरलीच नाही, तिची कामं षष्ठीकडे गेली, म्हणून 'माणसाहून'ला षष्ठी.

शब्द मी 'अचाट' घेईन. अचाट धाडस म्हणताना कौतुक असतं आणि पोटात गोळाही येतो. दोन्ही जागी तोच ठेवा हं, पहिल्यांदा अचाट आणि मग विलक्षण असं केलंत तर तुलनाच मोडते. शिवाय गाण्याच्या शेवटाकडे माणसाचं हेच कसब कधी वाईटाकडे नेतं कधी चांगल्याकडे असं येतं, तिथपर्यंत 'अचाट' पुरतो. प्लेटोच्या वाक्याला मात्र तो नको, तिथे सरळ 'बोलण्यात भयंकर हुशार' लिहा, आपण रोज म्हणतोच तसं.