मदत हवी आहे: बोंडअळी नोंदीच्या ॲपात स्वाइप ठेवू की फोन कलता करणं?

यवतमाळकडच्या वावरांसाठी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या नोंदींचं अँड्रॉइड ॲप करतोय. 20 झाडं, दर झाडाच्या पात्या (कळ्या), फुलं, डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली फुलं), हिरवी बोंडं मोजायची. एका हातात पऱ्हाटीची फांदी, दुसऱ्यात फोन. सकाळी दवानं बोटं ओली, स्वाइप लागत नाही. फोन कलता केल्यावर यादी सरकते, पण चालताना आपोआप पळते. पुष्कळ फोनांत जायरोस्कोप (फिरणं मोजणारा सेन्सर) नाही, फक्त ॲक्सेलरोमीटर (हिसका आणि कल मोजणारा). काय करू?

प्रतिसाद १
भाऊ, यादी पळते कारण पावलाचा हिसका ॲक्सेलरोमीटरला कलण्यासारखाच दिसतो. अँड्रॉइडच्या नमुना कोडातला 0.8 चा फिल्टर (हिसके दाबणारं सूत्र) इथं पुरत नाही. दर 20 मिलिसेकंदाला रीडिंग घेत असशील तर 0.95 कर: जुनी किंमत गुणिले 0.95, अधिक नवी गुणिले 0.05. सेकंदाला दोनेक पावलांचा हिसका बराच दबतो, मात्र प्रतिसाद जवळपास अर्धा सेकंद उशिरा येतो. म्हणून सलग सरकवणं सोडून दे. एकदा कलवलं की एकच झाड पुढं. 15 अंशांना बदल, 10 अंशांच्या आत परत आल्यावरच पुढचा बदल मोजायचा. दोन्हींसाठी एकच मर्यादा ठेवली तर सीमेवर झाडं मागंपुढं उड्या मारतात. शून्य अंश म्हणजे फोन आडवा, असं धरू नकोस. वापरणारा धरेल तीच सुरुवात.

प्रतिसाद २
आडव्या स्वाइपनं झाड बदलू नका. अँड्रॉइड 10 पासून जेश्चर नेव्हिगेशन चालू असलं की कडेवरून आत ओढणं म्हणजे ‘मागे’. अर्धा फॉर्म जातो. त्यात पाण्याचा थेंबही टच स्क्रीनवरचा विद्युतभार बदलतो, त्यामुळं बोट हरवतं किंवा नसलेलं बोट दिसतं. फवारणीच्या जाड रबरी हातमोज्यात तर टच लागतच नाही.

माझं मत: दोन्हीऐवजी आवाजाची बटणं घ्या. खालचं पुढचं झाड, वरचं मागचं. दव, हातमोजे, कशानंच अडत नाही. बटण दाबून धरलं की तोच इव्हेंट पुन्हा पुन्हा येतो. रिपीट काउंट (इव्हेंट किती वेळा परत आला तो आकडा) शून्याहून जास्त असेल तर दुर्लक्ष करा, नाहीतर चार झाडं सुटतील. आकडे भरायला किमान 48 डीपीची (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं पडद्यावरच्या मापाचं एकक) बटणं, अंगठ्याजवळ, खाली.

प्रतिसाद १
बटणं पटली. कलवणं ठेवायचंच असेल तर सेटिंगमध्ये बंद करता यावं आणि तेच काम बटणानंही व्हावं, डब्ल्यूसीएजी 2.1 (अपंगांनाही वापरता यावं यासाठीची नियमावली) मधला 2.5.4 हा निकष हेच मागतो, थरथरत्या हातांसाठी ते लागतंच. नोंद पुसणं मात्र कलण्याला कधीही जोडू नकोस. ॲप मागं गेलं की सेन्सर बंद कर, नाहीतर बॅटरी उगाच उतरेल.