‘वाचक जिथे आहेत तिथे लिहा’ म्हणणाऱ्यांना

तळटीप:
काल एका महाशयांची पोस्ट फिरत होती. म्हणणं असं की ब्लॉग लिहिणं म्हणजे रिकाम्या सभागृहात भाषण ठोकणं. वाचक सोशल नेटवर्कवर आहेत, तिथेच लिहा. आणि ‘माझा मजकूर कोणाच्या ताब्यात’ ही चिंता ज्यांना कोणी वाचत नाही त्यांनाच पडलेली असते. तिथेच उत्तर द्यायला घेतलं तर अक्षरमर्यादा आडवी आली. म्हणून इथे, माझ्या ब्लॉगवर.

वाचक फुकट वेबपानं देणाऱ्या जिओसिटीजवरही होते. २००९ मध्ये गाशा गुंडाळला. ऑर्कुटवर तर लोक पडीक असायचे. ३० सप्टेंबर २०१४ ला कुलूप. गूगल प्लस एप्रिल २०१९. त्याच वर्षी मायस्पेसने कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांची जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. वर्ष संपता संपता याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर पुसला गेला. यातलं काय काय लोकांनी दुसरीकडे उतरवून ठेवलं असेल?

बरं, बंदच पडायला हवं असंही नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकून बघा. नुसती अक्षरं दिसतात, दाबली जात नाहीत. वाचकाने बाहेर जाऊच नये हा सगळा बंदोबस्त. आणि हे लोक मला सांगणार कुठे लिहायचं ते.

हजरजबाबी:
शतशः असहमत. उदाहरणं सोयीची निवडलीत. पोस्टरस काय होतं? ब्लॉगच. एप्रिल २०१३ मध्ये गेलं. टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ ला गेलं. ज्या ब्लॉगरवर अनेक ‘स्वतंत्र’ मंडळी लिहितात ते २००३ पासून गूगलचं आहे. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ‘माझं’ म्हणाल, तर डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठीच नोंदवता येतं. पैसे थांबले की खेळ खलास.

माझे काका स्वतःच्या डोमेनवर लिहायचे. सगळं शिस्तीत. ते गेले, पासवर्ड कोणाला माहीत नव्हता, नूतनीकरणाचे मेल त्यांच्याच बंद पडलेल्या इनबॉक्सात जात राहिले. आता तो पत्ता उघडला की ऑनलाइन जुगाराची जाहिरात येते. त्यांच्या नावाच्या पत्त्यावर. फेसबुकवर निदान २०१५ पासून वारस संपर्क, म्हणजे आपल्यामागे खातं सांभाळणारा माणूस, नेमून ठेवता येतो. काकांनी तिथे लिहिलं असतं तर आज ते वाचता तरी आलं असतं.

तळटीप:
काकांचं वाईट वाटलं. पण ब्लॉगर, टाइपपॅड मी मोजतच नाही. स्वतःचं डोमेन आणि स्वतःकडे असलेल्या फाइली, बस. होस्ट, म्हणजे साइट ठेवणारी कंपनी, नाठाळ निघाला तर फाइली उचला, दुसरीकडे चढवा. पत्ता तोच राहतो, वाचकाला कळतही नाही.

उलट एका मोठ्या नेटवर्कवरून मी माझा सगळा मजकूर उतरवला. मिळाली जेसन फाइल, म्हणजे प्रोग्रामला वाचायला सोयीची. उघडली तर देवनागरीचा एक काना दिसेल तर शपथ! प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू, शून्य-शून्य आणि काहीतरी, असे तीन-तीन तुकडे. पानंच्या पानं. हा म्हणे तुमचा डेटा, घेऊन जा.

बाइटखाऊ:
तो मजकूर गेलेला नाही. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटचं असतं. त्यांनी प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजून लिहिलंय. लॅटिन-१ (एका अक्षराला एकच बाइट देणारी जुनी पद्धत) धरून परत बाइट करा, मग यूटीएफ-८ म्हणून वाचा. दोन ओळींचा पायथन कोड. किंवा उतरवताना जेसनऐवजी एचटीएमएल निवडायचं होतं.

तळटीप:
आभारी आहे. माझं लिखाण मला वाचता यावं म्हणून आता पायथन शिकतो.

जुनी वाचक:
ताब्याचं एवढं चाललंय तर एक विचारते. कॉमेंट कोणाच्या?

एका ब्लॉगवर मी कित्येक वर्षं लिहीत होते. ‘छान लिहिलंय’ छाप नाही. लेखकाने अर्धवट सोडलेले संदर्भ शोधून द्यायचे, चुका दाखवायचे. काही लेखांखालची चर्चा लेखापेक्षा मोठी आणि बरी होती. एक दिवस साहेबांचे विचार बदलले, जुनं लिखाण नकोसं झालं, ब्लॉग उडवला. विचारलं नाही, कळवलं नाही. वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, काही लेख सापडले, पण चर्चेचं पहिलंच पान. पुढचं काही नाही. नेटवर्कवर मी केलेल्या कॉमेंट माझ्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे उतरवून घेतलेल्या डेटात, तरी येतात.

हजरजबाबी:
+१. आता बोला.

तळटीप:
ताई, ब्लॉग त्याचा, त्याने काढला. ठेवायचा की नाही हा त्याचा हक्क आहे.

जुनी वाचक:
ताई नको. आणि वा! नेटवर्कने पुसलं की दडपशाही, तुम्ही पुसलं की हक्क.

तळटीप:
दुसऱ्याच्या लेखाखाली लिहिलेल्या चार ओळींना साहित्य समजायचं असेल तर कठीण आहे. एवढं जपायचं होतं तर स्वतःचा ब्लॉग काढायचा.

जुनी वाचक:
चार ओळी? तुमच्याच ब्लॉगवरच्या तारखांच्या लेखात मी दुरुस्त्या सुचवल्या होत्या. तुम्ही त्या लेखात घातल्या आणि माझी कॉमेंट उडवली. ‘आता गरज उरली नाही’ म्हणून. तेव्हा मी गप्प बसले.

बाइटखाऊ:
यावर वेबमेन्शन आहे. आपली कॉमेंट आपल्याच साइटवर लिहायची, समोरच्या ब्लॉगला फक्त सूचना जाते. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २०१७ मध्येच शिफारस केलीय.

हजरजबाबी:
आणि वापरतं कोण? तुम्ही आणि अजून एक जण?

रीडरवियोगी:
ब्लॉगांच्या फीड, म्हणजे नव्या लेखांच्या याद्या, एका जागी वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद केलं तिथेच सगळं संपलं. फीड वाचणारे पांगले ते पांगलेच. बाकी चर्चा व्यर्थ.

कुंपणावरचा:
मूळ प्रश्न वाचक कुठे आहेत हा होता ना? असो, चालू द्या.

तळटीप:
जुनी वाचक, दुरुस्त्या सुचवणाऱ्यांचे आभार लेखाच्या शेवटी मानले होते.

जुनी वाचक:
‘काही वाचकांचे आभार’ असं. नाव नाही.

तळटीप:
बरं. नाव घालतो. आणि यापुढे माझ्याकडे कॉमेंट केली की तिची प्रत लिहिणाऱ्याला ईमेलने जाईल अशी सोय करतो. याचा अर्थ नेटवर्कवाल्यांचं बरोबर होतं असा कोणी काढू नये.

जुनी वाचक:
नाहीच काढत. गेल्या आठवड्यात एका नेटवर्कने माझी पोस्ट ‘नियमबाह्य’ म्हणून उडवली. कोणता नियम विचारलं, तर उत्तर म्हणून नियमांच्या पानाचा दुवा. तुम्हाला निदान इथे झापता तरी येतं.

हजरजबाबी:
म्हणजे मिटलं तर. प्रत ईमेलने जाणार. ते ईमेल कोणाच्या सर्व्हरवर पडून राहणार, ते मी विचारत नाही.