आईस हॉकी: पक हिसकावला की लगेच पुढे, की आधी सावरायचं?

बोरिवली_फास्ट: हिवाळ्यात एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आईस हॉकी लीग) बऱ्याच मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतात, त्या बघून मग लोकल पकडणारे इथे काही जण आहेत म्हणून हा धागा. माझं स्पष्ट मत आहे, पक (रबराची चकती) मिळाला की पहिला पास पुढेच गेला पाहिजे. समोरचा डिफेन्समन पक अडवायला बोर्डजवळ (रिंकभोवतीची भिंत) आत घुसलेला असतो, तेव्हा आपल्या विंगरने (कडेचा आक्रमक) पक बोर्डवर आपटवून त्याच्या मागे काढला तरी टू-ऑन-वन, म्हणजे आपले दोघं आणि त्यांचा एकच, मिळतं. मागे पास देत बसलात की तेवढ्यात ते पाचही जण जागेवर, मग काय उरलं?

चर्चगेटचा_टर्फ: अजिबात पटत नाही. विंगर बोर्डला चिकटून, पाठ मैदानाकडे, त्यात पास स्केटमध्ये आला की पक गेलाच, आणि तोवर तुमचे बाकीचे वर पळत सुटलेले, गोलीसमोर कोणीच नाही. आधी सेंटरने (मधला आक्रमक) खाली यावं, त्याला छोटा पास द्यावा, मग पळा. मी फिल्ड हॉकी खेळतो, आमच्यात ऑफसाइडचा नियम कधीच गेला म्हणून एक जण वर ठेवून लांब बॉल मारता येतो. इथे पकच्या आधी समोरच्याची ब्लू लाइन (त्यांच्या गोलकडच्या भागाची हद्द) ओलांडली की शिट्टी. लांब पास चुकून थेट टोकाला गेला तर आयसिंग, फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) पुन्हा आपल्याच गोलजवळ आणि एनएचएलमध्ये तर दमलेले तेच पाच जण, बदलताही येत नाहीत!

गिरगाव_गोली: एक गोष्ट दोघंही विसरताय. न्यू जर्सी डेव्हिल्सने १९९५ ला स्टॅन्ली कप (एनएचएलच्या विजेतेपदाचा चषक) जिंकला तो दोन ब्लू लाइनमधला पट्टा अडवून, समोरच्याच्या चुकीची वाट बघत. तेव्हा आपल्या झोनमधून (आपल्या गोलकडचा भाग) मधल्या लाल रेषेपलीकडे थेट पास चालतच नव्हता. एनएचएलने तो २००५ ला मोकळा केला, त्यामुळे बोरिवली म्हणतो तसा लांब पास आता खरंच धोकादायक आहे.

बोरिवली_फास्ट: बरोब्बर! आणि दुसरा पिरियड बघा. बाजू बदलल्यामुळे प्रत्येक टीमची बेंच स्वतःच्या डिफेन्सपासून लांब पडते, शिफ्ट (एका वेळी बर्फावर खेळायची पाळी) साधारण ४५ सेकंदांची, त्यात अडकलेले लोक धापा टाकत बेंचकडे वळतात आणि त्याच क्षणी पास गेला तर मागे फक्त गोली. तो क्षण सेंटरची वाट बघण्यात घालवायचा?

चर्चगेटचा_टर्फ: ते बदलताना दिसले तर मारा, तेवढं मान्य. पण ते दिसायला डिफेन्समनची मान वर हवी, आणि अंगावर दोघं येत असताना ती वर राहत नाही. कोलोरॅडोचा डिफेन्समन केल मकार याच्यासारखा असेल तर तो पक घेऊन स्वतःच स्केट करत बाहेर येतो, २०२२ ला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू उगाच नाही झाला. बाकी टीमांत तसा माणूस नसतो. एका गोलने पुढे आहात, शेवटची पाच मिनिटं, तेव्हा मधून पास बिलकुल नको, बोर्डवरून बाहेर काढा आणि शिफ्ट बदला.