फील्ड टेक्निशियन आणि कंट्रोल इंजिनिअर यांची पारख कशी करावी?

प्रश्न: ऑटोमेशन प्रकल्पांसाठी आम्हाला ही दोन्ही पदे भरायची आहेत. पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) आणि स्काडा (संगणकाच्या पडद्यावरून प्रकल्पावर देखरेख ठेवणारी प्रणाली) यांचा उल्लेख प्रत्येक अर्जात असतोच. मग प्रत्यक्ष काम येणारा उमेदवार ओळखावा कसा?

उत्तर १: टेक्निशियनला मुद्दाम बिघडवलेले लूप, म्हणजे सेन्सरचे मापन विद्युतप्रवाहाच्या रूपात नियंत्रकापर्यंत नेणारे सर्किट, तपासायला द्यावे. ४ ते २० मिलिअँपिअरच्या लूपमध्ये १२ म्हणजे मापनकक्षेचा मध्य आणि शून्य म्हणजे बहुधा तुटलेली तार किंवा बंद पडलेला पुरवठा, हे त्याने मल्टिमीटर लावून सांगितले, तर मी प्रमाणपत्रे फारशी चाळत नाही.

उत्तर २: इंजिनिअरसाठी मात्र एवढे पुरेसे नाही. त्याला दुसऱ्याने लिहिलेला लॅडर प्रोग्राम (पीएलसीसाठी शिडीसारख्या आकृतीत लिहिलेला प्रोग्राम) वाचायला द्यावा आणि सेन्सर निकामी झाल्यास, किंवा वीज जाऊन परत आल्यास, यंत्र कोणत्या स्थितीत जाईल हे विचारावे. वीज परतताच मोटर आपोआप सुरू होते आणि त्याला त्यात काहीच वावगे वाटत नसेल, तर अनुभवाची वर्षे मोजण्यात अर्थ नाही.

उत्तर ३: कमिशनिंगच्या (नवी यंत्रणा जागेवर तपासून सुरू करण्याच्या) काळातील प्रवास आणि रात्रीचे काम यांचा उल्लेख जाहिरातीतच करावा, कारण चांगली माणसे बहुधा याच गोष्टींमुळे दुरावतात.