मोतीबिंदूची शस्त्रक्रिया : आधीची तयारी, नंतरचे दिवस. आपापले अनुभव लिहा

फोंडा
आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया गणेशचवथीनंतर करायची ठरली आहे. ती 72 वर्षांची. भातात खडे येऊ लागले तेव्हा आम्ही तांदळाला दोष दिला. ती निवडते, पण तिला ते दिसतच नाहीत, हे पुष्कळ उशिरा कळलं. चवथीच्या दिवसांत तिला चुलीपुढून आणि नेवऱ्यांच्या तळणापासून दूर ठेवणं आमच्यापैकी कुणालाच जमणार नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून तारीख पुढे घेतली. वैद्यकीय ते डॉक्टरांनी सांगितलं. मला घरातलं हवंय. थेंब कुणी घातले, न्हाणं कसं केलं, काय चुकलं? ज्यांच्याकडे झालंय त्यांनी लिहा.

डिचोली
मी निवृत्त शिक्षक. माझे दोन्ही डोळे झाले, एकानंतर दुसरा दोन महिन्यांनी. तिन्हीसांजेला समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरायचा, म्हणून स्कूटर सोडली होती. आधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजतात, त्यावरून आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढतात. भिंग कुठल्या प्रकारचं हवं, हे मात्र आपल्यालाच विचारतात. त्याचा विचार घरीच करून जा, तिथे सुचत नाही. मल्टिफोकलने जवळचं-लांबचं दोन्ही दिसतं, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, असं कळल्यावर मी साधं मोनोफोकल घेतलं. वाचायला चष्मा लागतो, त्याचं मला काही वाटत नाही.

सुई नव्हती, थेंबांनीच डोळा बधिर केला. वर प्रखर दिवा, आणि त्याच्यावरून पाणी वाहतंय असं दिसत होतं. वीसेक मिनिटांत आटोपलं. खोकला येणार असं वाटलं तर आधी तोंडाने सांगायचं, डोकं हलवायचं नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर मी आळीपाळीने एकेक डोळा झाकून घरातल्या भिंतीकडे बघितलं. केलेल्या डोळ्याला ती पांढरी, जराशी निळसर. न केलेल्याला चहाचं पाणी मारल्यासारखी. भिंत तीच! कितीतरी वर्षं मी सगळं जग त्या चहातून बघत होतो. मला रडू आलं.

म्हापसा
बाबांना लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन चालू होती. डोळ्याशी तिचा काय संबंध, म्हणून आम्ही सांगितली नाही. आधीच्या तपासणीला गोळ्यांची पिशवी बरोबर होती म्हणून डॉक्टरांच्या लक्षात आलं. या गोळीने बाहुली नीट मोठी होत नाही, तिच्याभोवतीचा पडदा सैल पडतो, आणि गोळी थांबवली तरी परिणाम लगेच जात नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याला हे आधी ठाऊक असलं की तो त्या तयारीने उतरतो. सगळ्या गोळ्या घेऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मडगाव
आईला मधुमेह. साखर वर गेल्यामुळे तारीख दोनदा पुढे गेली, तेव्हा ते आधीपासून सांभाळा.

खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. तीन बाटल्या, प्रत्येकीच्या वेळा निराळ्या. मी त्यांना लाल, हिरवा, पांढरा असा दोरा बांधला आणि कालनिर्णयाच्या पाठीमागे रकाने आखले. तिला वर बघायला सांगायचं, खालची पापणी बोटाने हलकी ओढायची, त्या खोबणीत एक थेंब. बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटांनी, नाहीतर पहिला वाहून जातो. स्टिरॉइडचे थेंब डॉक्टर हळूहळू कमी करतात. आमचे सहा आठवडे चालले. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका.

डोक्यावरून पाणी बंद होतं. मे महिन्यातला आपल्याकडचा घाम, तिला ते असह्य झालं. मग डॉक्टरांना विचारून, डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवून, खुर्चीत मान मागे टाकायला लावून मीच तिचे केस धुतले. लहानपणी ती माझे धुवायची.

पेडणे
हे लिहायला जड जातंय. काकांचा डोळा पाचव्या दिवशी ठणकू लागला. लाल झाला, आदल्या दिवशीपेक्षा अंधूक दिसायला लागलं. घरातले म्हणाले, ताजी जखम आहे, दुखणारच. मी रात्र जाऊ दिली. आत संसर्ग झाला होता, डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागली. नजर वाचली, पण पूर्ण नाही. ठणका, वाढती लाली, कमी होणारी नजर, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका.

काणकोण
आजीचा मोतीबिंदू ‘पिकू दे’ म्हणत आम्ही थांबलो. तो इतका कडक झाला की दोन-तीन मिलिमीटरच्या छेदाने भागलं नाही, मोठा घ्यावा लागला. हल्ली पिकायची वाट बघत नाहीत.

साखळी
दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं, मी घाबरले. मोतीबिंदू परत येत नाही, बसवलेल्या भिंगामागचा पातळ पडदा गढूळ होतो. यॅग लेझरने काही मिनिटांत मोकळं झालं.

फोंडा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज आईच्या गोळ्यांचा डबा टेबलावर ओतून नावं लिहून काढली. दोरे आणले. पेडण्याचं तिला मोठ्याने वाचून दाखवलं, लपवावंसं वाटलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, मी उजव्या कुशीवर निजते, त्याचं काय? कुणी सवय कशी मोडली ते लिहाल का?