मदत हवी आहे : पाण्यातल्या ग्राइंडरवर रंध्याचं पातं तिरकं घासलं जातंय

नमस्कार मंडळी. राहायला घणसोलीला, सुट्टीच्या दिवशी गॅलरीत सुतारकाम करतो. साध्या बेंच ग्राइंडरवर, म्हणजे मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे, वडिलांची पाऊण इंची पटाशी धरली आणि टोक क्षणात निळं पडलं. पोलादाचं पाणीच गेलं, म्हणजे कडकपणा उतरला! म्हणून पाण्याच्या टाकीत फिरणारा, २५० मिमी चाकाचा, संथ ग्राइंडर जुन्यात घेतला. मिनिटाला जेमतेम ९० फेरे. ठिणगी नाही, पातं हाताला गार.

स्वयंपाकघरातल्या सुऱ्या झकास होतात. चामड्याच्या चाकावर कणी (धारेला उरलेला बारीक दुमडलेला काठ) काढली की पिकलेला टोमॅटो न दाबता कापला जातो. (विळी मात्र पातं धरायच्या कुठल्याच जिगमध्ये बसत नाही, आईचे टोमणे चालू आहेत.)

अडचण रंध्याच्या पात्याची. २५ अंशाला लावतो, पण गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) लावून पाहिलं तर धार डावीकडे उतरलेली. चाकाला मधोमध खळगा दिसतोय. शिवाय एकदा रात्रभर चाक पाण्यातच राहिलं, माझाच गाढवपणा. तेव्हापासून दर फेऱ्याला पातं हलकं उसळतं.

चाक पूर्ण वाळवून डायमंड ड्रेसरने (चाक घासून सपाट करायच्या हिऱ्याच्या अवजाराने) सरळ करावं, की आधी जिग टेकायचा आडवा दांडा चाकाला समांतर आहे का ते तपासावं? एका वेळी चाक किती घासायचं? आणि ड्रेसर वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडे सुटा मिळेल का? स्टेशनजवळच्या दोन हार्डवेअरवाल्यांनी मला काच कापायचा हिरा दाखवला.