नव्या गाडीचं पहिलं ऑइल कधी बदलायचं?

कासारवडवलीकर: नवी पेट्रोल गाडी, १,००० किमी झाले. सर्व्हिसवाले म्हणतात ऑइल १०,००० ला. रोज घोडबंदर रोडचा ट्रॅफिक. आधीच बदलू का?

नेरूळकर: आत्ता घाई नको. पण मॅन्युअलमध्ये 'सिव्हिअर कंडिशन'चा (ट्रॅफिकसारख्या कठीण वापरासाठीचा) तक्ता असेल तर तोच धरा. गाडी रांगेत उभी असली तरी इंजिन चालूच. किमी वाढत नाहीत, ऑइल मात्र खराब होतं. मी तरी ५,००० ला बदला म्हणेन. फिल्टर आणि ड्रेन प्लगचा (ऑइल काढायच्या खालच्या बुचाचा) वॉशरही नवा. जुना बऱ्याचदा पाझरतो.

ऐरोलीकर: +१. ग्रेड मॅन्युअलमधलीच घ्या. नंतर इंजिन बंद करून ५ मिनिटांनी, सपाट जागी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. तिच्यावरच्या 'मॅक्स' खुणेच्या बरंच वर भरलं तर क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरता दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो. वॉरंटीसाठी बिल जपा.